पंधरावा फर्मा

पुस्तक कापायचं ठरलं त्या शुक्रवारी ताजुद्दीन होडेकर नमाजाहून परतले ते थेट माझ्या खोलीत. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, हातात गॅस्केट कापायचा कटर. मी म्हटलं, "ताजुभाई, पुस्तक कापायचंय. तुम्ही तर वऱ्हाडात निघाल्यासारखे आलात." ते हसले नाहीत. पुन्हा एकदा हात धुऊन आले, पुस्तक माझ्या कॉटवर पालथं घातलं, 'बिस्मिल्ला' म्हणाले आणि कण्यावरून कटर असा चालवला की एका पानाला ओरखडा आला नाही. तीस वर्षं पाइप फिटरचं काम केलेला हात तो. मग मात्र कितीतरी वेळ ते कापलेल्या पुस्तकाकडे बघत बसले, आणि मलाच वाईट वाटायला लागलं, कारण ही अक्कल माझी होती.

कराडला असताना मी दोन वर्षं एका छापखान्यात बाइंडिंगला होतो. जाड पुस्तक एकसंध नसतं, बत्तीस-बत्तीस पानांचे जुडगे शिवून एकत्र बांधलेलं असतं, आणि त्या एकेका जुडग्याला फर्मा म्हणतात, एवढी विद्या तिथं मिळाली. पुढे सौदीत रास तनुराजवळच्या ह्या कॅम्पात टाइमकीपर म्हणून आलो, माणसांच्या हजेऱ्या मांडू लागलो, आणि वाटलं की ती विद्या फुकट गेली. पण पुस्तक एक आणि वाचणारे सात अशी वेळ आली तेव्हा ती कामाला आली. फर्मे सुटे केले की सातही जण एकाच वेळी एकच कादंबरी वाचू शकतात, एकामागून एक. पहिल्याचा पहिला फर्मा झाला की तो दुसऱ्याकडे जातो आणि पहिल्याला पुढचा मिळतो. एका फर्म्याला तीन दिवस. ह्यात काही मोठं डोकं नाही, पण सांगितल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

पुस्तक आणलं केरूनं. सुटीवर निघालेल्या माणसाच्या खिशात चिठ्ठ्या कोंबायच्या ही आमच्या कॅम्पाची जुनी खोड आहे. कुणाला गूळ हवा असतो, कुणाला गुडघ्याचं तेल. ताजुभाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'एक जाड पुस्तक. माणसं खूप असावीत.' केरू आमचा फॅब्रिकेटर, फलटणचा. त्याला लोखंडातलं सगळं कळतं, पुस्तकातलं ओ की ठो कळत नाही. त्यानं जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन ती चिठ्ठीच पुढे केली. दुकानदारानं एका कासार घराण्याची तीन खंडांची कादंबरी काढून दिली. अठराशे पानं, चार पिढ्या, कव्हरं फाटून लेखकाचं नावही गेलेलं. विमानात तीस किलोच्या वर नेता येत नाही, म्हणून केरूनं बायकोनं कुटलेला दोन-अडीच किलो मसाला पिशवीतून काढला आणि त्या जागी तीन खंड बसवले. त्यावरून बायको महिनाभर फोनवर धड बोलली नाही, हे तो अजून अभिमानानं सांगतो.

आता ताजुभाईंबद्दल. वय पंचावन्न, उंची बेताची, दाढी मेंदीनं लाल केलेली. गाव रत्नागिरीच्या खाली, खाडीच्या काठाला. सौदीत एकोणतीस वर्षं झाली. घरी मुलगा नदीम आणि आई ताजुन्निसा. बायको अकरा वर्षांपूर्वी गेली. तेव्हा ते दुसऱ्या साइटवर होते आणि तिथं खिशात फोन चालत असे. पंधरा वर्षांच्या नदीमनं रडत रडत फोन करून सांगितलं, "अब्बा, अम्मी गेली." ताजुभाई शिडीवर होते. दहा फुटांवरून खाली आले, गळपट्टीचं हाड मोडलं, आणि गावी पोचले ते तिसऱ्या दिवशी, हात गळ्यात बांधून. ही हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही कुणा तिऱ्हाईताची सांगावी तशी.

दोन वर्षांतून दोन महिने घरी, असा त्यांचा संसार. नदीमला त्यांनी रांगताना पाहिला. पुढच्या खेपेला तो बडबडत होता आणि ह्यांना अंकल म्हणत होता. मग एकदम दप्तर, मग एकदम मिशी. मुलगी सहर, तिच्या लग्नाला पोचले आणि तिच्या दोन्ही बाळंतपणांना नाही. एकदा मला म्हणाले, "दौलतराव, माझ्या घराची मधली पानंच नाय माझ्याकडे. सुरुवात म्हायत हाय, आणि आज काय चाललंय ते फोनवर कळतं. मधलं सगळं लोकांकडून ऐकलेलं." मी स्वतः आठ वर्षं इथं आहे. मला ते ऐकून बरं वाटलं नाही, म्हणून मी विषय बदलला.

म्हणूनच त्यांना जाड पुस्तकं लागत. लहान गोष्टींचं पुस्तक दिलं तर परत करत. म्हणत, "माणसाशी ओळख होते तोवर संपलं." तीन खंडांची कादंबरी मात्र त्यांना जेवणावर पानसुपारी मिळाल्यासारखी. त्यात माणूस जन्मतो, बारसं होतं, दात येतात, शाळेत मार खातो, लग्न करतो, भावाशी भांडतो, म्हातारा होतो, आणि हे सगळं वाचणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होतं. "ह्यात सुटी लागत नाय," असं ते म्हणायचे. "एक्झिट-रीएंट्रीचा व्हिसा नको, तिकीट नको. पान उलटलं की घरी."

सातांच्या रांगेत ते सातवे. पुस्तक त्यांनी मागवलेलं, कापलेलं त्यांनी, पहिला मान त्यांचाच होता. पण त्यांनी शेवटचा नंबर मागून घेतला. कारण वाचन संथ. ओळीखाली बोट सरकवत वाचायचे, तेही वाचताना मनात उच्चार करून. "माझ्यामुळे सगळ्यांचं ट्रॅफिक जाम होईल," म्हणाले. सहावा मी. म्हणजे माझा झालेला फर्मा त्यांच्या हातात. वेल्डिंग रॉडच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी प्रत्येक फर्म्याला कव्हर केलं होतं आणि त्यावर जाड पेनानं नंबर टाकला होता, दर खंडाला पुन्हा एकपासून. तसल्याच एका मोठ्या पुठ्ठ्यावर त्यांनी कासारांची वंशावळ मांडली होती, आयसोमेट्रिक ड्रॉइंग काढावं तशी, सरळ रेघांची. ती त्यांच्या कॉटच्या डोक्याशी चिकटवलेली असे. माणूस मेला की नावाखाली पेन्सिलीनं एक बारीक रेघ.

त्यांचा सगळ्यात मोठा आनंद कशात होता ते सांगतो. पहिल्या खंडात ठकूबाई नावाची नऊ वर्षांची नवरी कासारांच्या घरात येते. तिचा नवरा तिच्यासाठी राजवर्खी बांगड्यांचा एक डबा आणतो, पण बापाच्या भीतीनं तो विहिरीच्या कोनाड्यात लपवतो आणि पुढे प्लेगात मरतो. डबा तिथंच राहतो. तिसऱ्या खंडात, चौदाशे पानांनंतर, त्याच्या भावाचा नातू विहिरीचा गाळ काढतो आणि गाळातले रंगीत काचांचे तुकडे कचरा म्हणून उकिरड्यावर फेकतो. एवढंच. लेखक पुढे एक शब्द लिहीत नाही. ते वाचून ताजुभाई चपला न घालताच माझ्या खोलीत आले. "त्या पोराला म्हायत नाय," म्हणाले, "आजीला पण कळलं नाय. तिच्या घरात कोणालाच म्हायत नाय, दौलतराव. फक्त आपल्याला म्हायत हाय." असा माणूस खूश झालेला मी कॅम्पात पगाराच्या दिवशीही पाहिलेला नाही.

आणि म्हणूनच तो नियम होता. दुसऱ्या खंडाच्या वेळी केरू मेसमध्ये डाळ वाढून घेता घेता बोलून गेला की धाकटा भाऊ पुरात वाहून जातो. केरू दुसऱ्या नंबरचा, त्याच्या मागे पाच जण. ताजुभाई भरलं ताट तसंच ठेवून उठले आणि आठवडाभर केरूशी बोलले नाहीत. मग शुक्रवारी सातही जणांना बोलावून त्यांनी नियम केला. पुढच्यानं मागच्याला सांगायचं नाही. चेहऱ्यावरूनसुद्धा सांगायचं नाही. मोडला तर सातांचे कपडे धुवायचे. केरूनं त्या दिवशी आमचे कपडे धुतले, कॉलरी घासून. नियम पुढे कुणी मोडला नाही.

तिसरा खंड निम्म्याच्या वर सरकला आणि प्लांटचं शटडाऊन लागलं. शटडाऊन म्हणजे सगळा प्लांट थंड करून पस्तीस दिवसांत दुरुस्ती उरकायची. रोज बारा तास, शुक्रवारी अर्धा दिवस, आणि त्या काळात सुटी कुणालाही नाही. तरी वाचन थांबलं नव्हतं. माणसं बसमध्ये वाचत, जेवणाच्या तंबूत वाचत.

शटडाऊनचे चोवीस दिवस उरले होते. मंगळवार, सकाळचे दहा. टाइम ऑफिस गेटाबाहेर असल्यामुळे माझा फोन माझ्याजवळ असतो, बाकीच्यांचे आत नेता येत नाहीत, लॉकरमध्ये पडलेले असतात. नदीमचा फोन आला. पोरगा आता सव्वीस वर्षांचा आहे, रत्नागिरीत मोटारींचे स्पेअर पार्ट विकतो, बोलतो समजूतदार.

"दौलत अंकल, दादी गेली. फजरच्या वेळेला, पहाटे. झोपेतच. अब्बांना सोडतील का?"

मी त्याला थांबायला सांगितलं आणि मंदूबकडे गेलो. मंदूब म्हणजे कंपनीची इकाम्याची, व्हिसाची सरकारी कामं करणारा माणूस. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. ताजुभाईंचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रिन्यू व्हायला पडला होता, आणि तो झाल्याशिवाय देशाबाहेर जायचा परवाना निघत नाही. मी विचारलं कधी होईल. "बुकरा, इन्शाल्ला," म्हणाला. त्याचा उद्या कधी उजाडतो ते मला आठ वर्षांत कळलेलं नाही. वाईट माणूस नव्हता तो, त्यानं मला चहासुद्धा विचारला. पण मला त्याच्या टेबलावरचं सगळं उधळून द्यावंसं वाटत होतं, आणि उधळूनही काही होणार नव्हतं हे दिसत होतं.

मी नदीमला कळवलं. त्यानं पुन्हा एकदा 'नक्की?' विचारलं. मग म्हणाला, "तर मग त्यांना सांगू नका, अंकल."

"अरे, असं कसं?"

"माती आज असरला, चारच्या सुमारास आहे. उद्या सुटले तरी पोचणार नाहीत. आणि ते रोज वर चढतात. अम्मीच्या वेळेला मीच फोन केला होता." इथं त्याचा आवाज बदलला. "शटडाऊन संपू दे. ते खाली उतरले की मी स्वतः सांगतो. गावच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना ताकीद दिलीय. तुम्ही फक्त शब्द द्या."

मी शब्द दिला. देऊ नये असं आतून वाटत होतं, पण त्या पोराला नाही म्हणायला माझ्याकडे दुसरं काय होतं?

आखाती माणसाच्या घरी मरणाची बातमी अशीच दाबून ठेवतात, ह्यात नवीन काही नाही. इकडे माणूस सुटू शकत नाही, तिकडे माती थांबू शकत नाही, मग निदान त्याचं जेवण तरी गोड लागू दे, असा हिशोब. माझ्या वडिलांचं दुखणं मला पाच आठवड्यांनी कळलं होतं. पण लपवणाऱ्याच्या बाजूला मी पहिल्यांदाच उभा होतो. संध्याकाळपर्यंत गावाकडचे दोघे-तिघे कुजबुजले आणि आमच्या रांगेतल्या सगळ्यांना कळलं. बसमध्ये ताजुभाई माझ्याशेजारी बसले, खिशातून चौदावा फर्मा काढला, आणि वाचू लागले. आम्ही सहाही जण खिडकीबाहेर बघत होतो. तिथं बघायला काही नाही, पायपांच्या रांगा आणि वाळू.

शुक्रवारी नमाजानंतर आईशी बोलायचं हा त्यांचा एकोणतीस वर्षांचा नेम. पूर्वी एसटीडी बूथवरून, आता व्हिडिओवर. म्हातारीला मोबाइल कुठं धरायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, ह्यांना नेहमी तिचा कानच दिसायचा. त्या शुक्रवारी नदीम म्हणाला, दादीचा घसा सुजलाय, डॉक्टरनं बोलायला मनाई केलीय, आत्ता झोपलीय. ताजुभाईंनी "बरं, उठवू नको," म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या तंबूत ते माझ्यासमोर येऊन बसले. डबा उघडला आणि खाल्लं काहीच नाही. चौदावा फर्मा त्यांचा संपला होता. त्याच्या शेवटी ठकूबाई, आता नव्वदीची, अंथरुणाला खिळते आणि वैद्याला आणायला गेलेली गाडी ओढ्याच्या पाण्यापाशी अडते. पंधरावा माझ्या उशाखाली होता, वाचून झालेला.

"दौलतराव," ते हळू म्हणाले, "एक विचारू? ठकूबाय वाचते ना?"

मी हातातला घास तसाच धरून बसलो. ज्या माणसानं नियम केला, केरूकडून कपडे धुवून घेतले, तो माणूस विचारत होता. खरं म्हणजे उत्तर सोपं होतं. 'नियम तुमचाच आहे,' एवढं म्हणून मी हसलो असतो तरी निभावलं असतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "वाचते."

"हां," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.

ठकूबाई पंधराव्या फर्म्याच्या दुसऱ्या पानावर मरते. तो फर्मा मला त्यांना रविवारी द्यायचा होता. माझ्यासारखा शहाणा मीच. खोटं बोललो तेही अशा गोष्टीबद्दल की जिचा पुरावा माझ्याच उशाखाली, नंबर टाकून, पुठ्ठ्यात बांधून ठेवलेला होता.

रविवारी मी म्हटलं, अजून वाचून झाला नाही. सोमवारी म्हटलं, डोळे आलेत. केरूला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हरवला म्हणून सांग, हाय काय त्यात." मग म्हणाला, "नाहीतर ती दोन पानं फाडू." मी त्याला झापलं, पण रात्री मी ती दोन पानं खरोखर वेगळी धरून बघितली होती. फाडता आली नाहीत. फाडली तरी पुढच्या प्रत्येक पानावर ती नाहीच आहे. तिचं बाराव्याचं जेवण आहे, तिच्या लुगड्यांची वाटणी आहे, सुनांचं भांडण आहे. किती फाडणार?

तिकडे मंदूबकडे रोज फेरी चालूच होती. इकामा बुकरावर होता.

शुक्रवारी ताजुभाईंनी पुन्हा घरी फोन लावला. दादी झोपली होती. फोन ठेवून ते सरळ माझ्या खोलीत आले. "सहा दिवस झाले, टाइमकीपर," म्हणाले, "दुसऱ्याचा एक मिनिट सोडत नाय आणि स्वतः उशीर?" आणि हसत हसत माझी उशी उचलून पंधरावा फर्मा काढून घेतला. मी हात पुढे केला होता. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. त्यांनी फर्मा पाठीमागे लपवला आणि निघून गेले.

शनिवारी सकाळी ते बसमध्ये पुढे बसले, एकटे. दुपारी तंबूत माझ्यासमोर आले. डबा उघडलाच नाही.

"तुमी खोटं बोललात," म्हणाले.

"हो."

"पुस्तकातलं मरण कोण कशाला लपवील? मला काय ठकूबायच्या मातीला जायचं होतं?" ते अगदी शांत बोलत होते, फिटिंगमधली चूक समजावून सांगावी तसे. "तुमी कधी नियम मोडत नाय. मोडलात, ते पण खोटं सांगायला. मग सहा दिवस फर्मा दाबून ठेवलात. मी काल ते पान वाचलं आणि फर्मा मिटला. म्हटलं, हा माणूस माझ्या तोंडाकडे बघून बोलला. मग नदीमचं बोलणं परत आठवून बघितलं." त्यांनी डबा बाजूला सारला. "कधी?"

"मागच्या आठवड्यात, मंगळवारी. फजरला."

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "अकरा दिवस," म्हणाले. मग ओठातल्या ओठात 'इन्ना लिल्लाहि', मरणाची बातमी ऐकल्यावर म्हणतात ते, म्हणाले आणि डोळे मिटून बसले. आजूबाजूला माणसं भात खात होती, कुणीतरी मिठाची पुडी मागत होतं. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. मी टेबलावरचं पाणी त्यांच्याकडे सरकवलं.

"कबरीत कोण उतरलं?" त्यांनी विचारलं.

"नदीम."

"बरं केलं. माझं काम होतं ते." मग, "सगळ्यांना म्हायत होतं?"

"सगळ्यांना."

"मंजे मी सातवा."

त्यांच्या आईचं मरण फलटणच्या केरूला त्यांच्या आधी कळलं होतं, बस ड्रायव्हरला कळलं होतं, मंदूबला कळलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"नियम मीच केला," म्हणाले. "पुढच्यानं सांगायचं नाय."

जेवणाची सुटी संपली. मी म्हटलं, "आज वर चढू नका, ताजुभाई. मी फोरमनला सांगतो, खाली बसून राहा." ते उभे राहिले, कमरेचा सेफ्टी बेल्ट आवळला. "खाली बसून काय करू?" म्हणाले. बेल्टाचे दोन्ही हूक माझ्यासमोर धरले. "दोन्ही लावतो. बघत राहा." मी हजेरीचं निमित्त करून आत गेलो आणि अर्धा तास खाली उभा राहून बघत राहिलो. त्यांनी खरंच दर पावलाला दोन्ही हूक लावले.

संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मी म्हटलं, "नदीमला फोन लावून देऊ?"

"त्याला सांगायचं नाय," ते म्हणाले.

"काय?"

"मला कळलं म्हणून." मी बघतच राहिलो. "त्या पोरानं एकदा मला सांगितलं आणि मी पडलो. अकरा वर्षं तो ते घेऊन फिरतोय. आता त्यानं ठरवलंय की शटडाऊन संपला की सांगायचं. दिवस मोजत असेल. आज कळलं तर पुढचे तेरा दिवस तो झोपणार नाय, अब्बा वर असतील, अब्बा वर असतील करून. त्याला सांगू दे त्याच्या वेळेला. मी ऐकेन."

मी म्हटलं हे काय खूळ आहे. जरा रागावूनच म्हटलं. त्यांचं मन हलकं व्हायला हवं होतं, रडायला हवं होतं, आणि ते माझ्याकडून दुसरा शब्द मागत होते. पहिला मुलाला दिलेला, आता दुसरा बापाला. मी तोही दिला. मला ह्या बाबतीत ठामपणा नाही, हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे.

त्यानंतरचा शुक्रवार. शटडाऊनचे सात दिवस उरले होते आणि इकामा बुकरावर होता. ताजुभाई नमाजाहून आले, माझ्या कॉटवर बसले आणि तिथूनच फोन लावला. व्हिडिओ नाही, साधा. स्पीकर चालू होता, बंद करायचं त्यांना सुचलं नसावं.

"आय कशी हाय?"

"बरी आहे अब्बा. झोपलीय."

"खाते का काय?"

"पेज खाते." नदीम एका दमात बोलून गेला. पाठ करून ठेवलेलं असावं.

"मीठ बघून घाल. तिला पेजेत मीठ जास्ती लागतं. डॉक्टर काय पण सांगू दे."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग, "घालतो, अब्बा."

"आणि तू जेवतोस ना वेळेवर?"

"जेवतो."

"बरं. तिला उठवू नको. उठली की माझा सलाम सांग."

"सांगतो," नदीम म्हणाला, आणि फोन त्यानंच आधी ठेवला.

ताजुभाई फोन हातात घेऊन बसून राहिले. दाढीची मेंदी उतरून खालचा पांढरा दिसायला लागला होता, दोन आठवड्यांत त्यांनी लावली नव्हती. बाहेर केरू कुणालातरी हाका मारत होता. मी माझ्या कॉटखालची चप्पल उगीचच सरळ केली. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडायचं ते ह्या वेळीही कळत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "सोळावा झाला का तुमचा?"

"झाला."

"त्यात ती नसेल ना आता."

मी नियम मोडला. म्हटलं, "नाही. पण तिचं नाव येतं. कुणी ना कुणी काढतं अधूनमधून."

"मग द्या," ते म्हणाले.

मी उशाखालून सोळावा फर्मा काढून त्यांना दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि तिथंच, माझ्या कॉटवर बसून, ओठ हलवत वाचायला लागले.